लेफ्ट हाफची जागा

दादा,

सोमवारी सकाळी निखिलचा फोन आला. "आत्या, पापा गेले," तो म्हणाला. मी अधारतालला तुझ्या घरी पोहोचले तेव्हा तुला दवाखान्यातून घरी आणलं होतं.

त्या दिवसाबद्दल मी एवढंच लिहीन. तू कुठे जन्मलास, फॅक्टरीत कोणत्या सेक्शनला होतास, हे सगळं तुझ्या मुलानं जबलपूरच्या हिंदी पेपरात छापून आणलं आहे. मला लिहायचं आहे ते तेरवीनंतरच्या रविवारबद्दल. त्या दिवशी क्लबमध्ये तुझ्याविषयी जे ठरलं ते माझ्यामुळे ठरलं. तू काय म्हणाला असतास हे मला माहीत आहे, तरी ते तुझ्या तोंडून ऐकायची सवय आहे मला.

मदन महलच्या टेकडीखालची आपल्या पहाडी फुटबॉल क्लबची खोली तशीच आहे. एका बाजूला जाळी आणि चेंडू, दुसऱ्या बाजूला लोखंडी खुर्च्या, आणि समोरच्या भिंतीवर ती अकरा नावं. क्लबच्या साऱ्या इतिहासातले श्रेष्ठ अकरा, जुन्या पद्धतीनं मांडलेले: खाली गोलकीपर, त्याच्यावर दोन बॅक, मग तीन हाफ आणि सगळ्यात वर पाच फॉरवर्ड. नवीन पोरांना ही मांडणी विचित्र वाटते. आपल्याला दुसरी माहीतच नव्हती.

जिवंत माणसाचं नाव त्या भिंतीवर चढत नाही. दुबेजी सेक्रेटरी झाल्यापासून हे एकाच वाक्यात सांगत आले आहेत, "जो अभी चाय पीने आ सकता है, उसका नाम नहीं चढ़ेगा." एक माणूस गेला की तेरवी होऊ द्यायची आणि नंतरच्या रविवारी त्याच्या नावावर बोलायचं. नाव चढवायचं ठरलं तर त्याच जागेवरचं जुनं नाव पुसायचं. बारावी जागा नाही.

दुसरा नियम त्याहून अवघड आहे. फार पूर्वी सेंटर फॉरवर्डच्या नावावरून तिथे खुर्च्या फेकल्या गेल्या होत्या, त्यानंतर तो आला. ज्याला एका खेळाडूच्या बाजूनं बोलायचं आहे, त्यानं आधी दुसऱ्याच्या बाजूनं बोलायचं, आणि तेही असं, की त्या बाजूच्या माणसानं मान हलवून म्हणावं, हो, माझं म्हणणं हेच आहे. तोवर तुमचं स्वतःचं म्हणणं कोणी ऐकत नाही. पहले उसकी, फिर अपनी. मी आयुष्यभर कॉलेजच्या वाचनालयात नोकरी केली, पुष्कळ विद्वानांचे वाद ऐकले. असा नियम मला कुठल्याच विद्वानांकडे दिसला नाही.

लेफ्ट हाफच्या जागी फेलिक्सचं नाव आहे, आणि तू मैदानात उतरलास तो त्याच्याच जागी.

बाबा आपल्या दोघांना रविवारी मैदानावर न्यायचे तेव्हा मी फ्रॉकमधली पोर होते आणि तुला मिसरूड फुटत होतं. फेलिक्स रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होता. उंच, किंचित वाकून चालणारा. खेळताना तो बोलत नसे. सामना संपला की तुला थांबवून घ्यायचा आणि चेंडूशिवायच शिकवायचा, कुठे उभं राहायचं, कुठे बघायचं. पुढे त्याचा गुडघा गेला आणि त्याची जागा तुला मिळाली. तो वारल्यावर त्याचं नाव भिंतीवर चढलं, ते तुझ्याच बोलण्यानं. त्याच्या बहिणी त्याआधीच ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या. त्याच्या घरचं कोणी या शहरात उरलं नव्हतं.

आपलं भांडण मग सुरू झालं, आणि संपलं नाही. माझं म्हणणं तुला पाठ होतं. फेलिक्स चेंडू काढून घ्यायचा. तूही काढून घ्यायचास, पण घेऊन पुढे द्यायचास, आणि असा द्यायचास की पुढच्या इनसाइड लेफ्टला फक्त पाय लावायचं काम उरे. मग मोठा कोण?

"काहून त्याच्या मागं लागून राहिली तू?" तू वैतागायचास. "अन् मी जिवंत आहो अजून. माझं नाव काढताच येत नाही. नियम आहे."

"क्लबमध्ये नियम. आपण घरात बोलतो आहोत."

"देणारा सगळ्यांना दिसते, कुंदा. फेलिक्स उभा राहिला की त्या बाजूनं हल्ला येतच नव्हता. जे झालंच नाही, ते कोणाला दिसते?"

"जे झालंच नाही ते मोजायचं कसं?"

"घ्या! लायब्ररीवाल्या बाईला सगळं नंबर टाकून कपाटात लागते."

वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, "लोकं जमिनीसाठी भांडतात. हे भाऊ-बहीण मेलेल्या माणसाच्या लाथांवरून भांडून राहिले." निखिलच्या मुंजीत तू मला जेवणाच्या पंगतीतून उठवून पत्रावळीवर द्रोण मांडून दाखवले होतेस, फेलिक्स इथे, विंगर इथे. कढीचा द्रोण विंगर होता. तो लवंडला आणि आपल्या मामांचं धोतर गेलं.

मी तुझ्यावर चिडायचे ते मात्र दुसऱ्या कारणानं. मला वाटायचं, तू खरं बोलत नाहीस. गुरूचं देणं फेडतो आहेस. एकदा मी तसं म्हणाले, तर तू ताटावरून उठून गेलास आणि बरेच दिवस आला नाहीस. मग एका संध्याकाळी विजय नगरला माझ्या दारात उभा राहिलास आणि म्हणालास, "चल क्लबात. इथं भांडून काय फायदा?" त्या खोलीत तोवर कुणी बाई बसली नव्हती. तू स्वतः खुर्ची पुसलीस, मला बसवलंस आणि दुबेजींना म्हणालास, "ये फेलिक्स के खिलाफ है. इसको सुनना पड़ेगा." आपल्याच विरुद्ध बोलणाऱ्या माणसाला हात धरून आत आणणारा माणूस मी तेव्हा पाहिला. त्यानंतर किती रविवार मी तिथे बसले. घर, कॉलेज आणि पुस्तकं यांच्यापलीकडे मला जी एक जागा मिळाली, ती तू दिलीस. हे तुला मी कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, "हो का? मंग फेलिक्सचं मान्य कर."

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात दुपारी मी एकटी तुझ्याजवळ होते. तू डोळे मिटूनच म्हणालास, "मी गेलो की हे मला चढवतील भिंतीवर."

"आधी बरा हो."

"ऐक तर. फेलिक्सला पुसू देऊ नको. तुला बोलावं लागंल."

"मी तुझ्या बाजूनं बोलणार," मी म्हणाले. "तुला ठाऊक आहे."

तू डोळे उघडलेस. हसायला लागलास आणि ते हसू खोकल्यात गेलं. नर्स धावत आली. खोकला थांबल्यावर तू म्हणालास, "बोल नं. कोण नाही म्हणते? पण आधी त्याचं बोलशील. मंग पाहू."

मी तुझी उशी सारखी केली.

तेरवीला क्लबची माणसं आली होती तेव्हाच निखिलनं सगळं ठरवून टाकलं. "आत्या, तू फक्त दोन शब्द बोलून दे. बाकी सब सेट है." त्यानं नागपूरच्या पाहुण्यांनाही रविवारपर्यंत थांबवून घेतलं. मी हो म्हणाले. का नाही म्हणायचं? माझंही मत तेच होतं.

रविवारी मी पोहोचले तेव्हा पेंटर आलेला होता. शिडी भिंतीला लावलेली, फेलिक्सच्या नावाच्या बरोबर खाली. पांढऱ्या रंगाचा डबा उघडा. खुर्च्या भरल्या होत्या आणि पोरं खिडकीतून डोकावत होती. तुझा हार घातलेला फोटो टेबलावर होता. तू मैदानावरचे फोटो कधी जपले नाहीस म्हणून निखिलनं निवृत्तीच्या समारंभातला लावला होता, त्यात तुझ्या गळ्यात टाय होता. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, पदर दोन्ही हातांनी धरून.

आधी कोच अर्पित बोलला. मुलगा चांगला आहे, तुझा लाडका, साऱ्या क्लबसारखा तोही तुला भाऊसाहबच म्हणतो. "फेलिक्स जी का हम पूरा सम्मान करते हैं. लेकिन आज ग्राउंड पर उनको जानता कौन है? और भाऊसाहब को बच्चा-बच्चा जानता है."

टाळ्या पडल्या. मग कोणीतरी मागून ऐकीव सांगितलं की फेलिक्स सुस्त होता, धावायचाच नाही. दुसरा एक जण उठून म्हणाला, "और भाऊसाहब का फाइनल वाला वो गोल कौन भूल सकता है? सीधा कोने में!"

दादा, तू क्लबसाठी जन्मात एक गोल मारला नाहीस. तुला त्याचा अभिमान होता. "गोल मारणं हे हाफचं काम नाही, मारला तर तो दुसऱ्याच्या घरात घुसलेला पाहुणा होते," असं म्हणायचास. मी दुबेजींकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घातली. खोटं बोलून एक माणूस पुसला जात होता आणि खोटं बोलूनच दुसरा लिहिला जात होता, आणि तो दुसरा तू होतास.

"कोई बोलेगा, या हाथ उठवा लें?" दुबेजींनी विचारलं.

निखिलनं मला खूण केली. मी उभी राहिले.

"मला भाऊसाहेबांच्या बाजूनं बोलायचंय," मी म्हणाले.

दुबेजींनी चष्मा काढला. क्षणभर मला वाटलं, ते आज सोडून देतील. बाकीच्यांनाही तसंच वाटलं असावं. पण ते अगदी हळू म्हणाले, "दीदी, पहले उसकी."

"अरे दुबेजी, आज पण?" निखिल म्हणाला.

"आज नहीं तो कब, बेटा?"

मी फेलिक्सच्या बाजूनं बोलायला लागले. सुरुवातीला तुझीच वाक्यं होती. तो धावत नसे, कारण त्याला धावावं लागत नसे. चेंडू जिथे येणार तिथे तो आधीच असे. जो धाव घेऊन आडवा पडतो तो सगळ्यांना दिसतो, आणि ज्यानं वेळ येऊच दिली नाही तो दिसत नाही. ही तुझी वाक्यं मी इतकी वर्षं खोडत आले होते. ती मला तुझ्यासारखीच म्हणता येत होती, तुझे थांबे घेऊन. वहिनींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आणि बोलता बोलता मला एक गोष्ट आठवली. आठवली म्हणजे मैदान डोळ्यांपुढे आलं. मी बाबांच्या शेजारी चुन्याच्या रेषेला लागून बसले आहे. समोरच्या संघाचा राइट विंगर चपळ होता, पूर्वार्धात तो पुन्हा पुन्हा फेलिक्सवर आला आणि पुन्हा पुन्हा रिकाम्या पायानं परत गेला. उत्तरार्ध सुरू झाल्यावर थोड्या वेळानं तो थांबला. कमरेवर हात ठेवून त्यानं फेलिक्सकडे पाहिलं आणि मैदान ओलांडून चालत पलीकडच्या बाजूला निघून गेला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याचा कॅप्टन ओरडत होता, तरी तो गेला. आणि फेलिक्सनं त्याला हात हलवला, स्टेशनवर गाडी सुटताना हलवतात तसा. बाबा हसले होते. तू तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाणी देत होतास, तुला ते दिसलं नसणार.

मी हे सांगितलं. खिडकीतली पोरं आणखी आत वाकली. जे झालंच नाही ते कसं दिसतं, हे मी तुला विचारत आले होते. ते मी पाहिलेलं होतं. मला ते सापडलं ते तू नसताना, आणि ज्याला ते सांगायचं तो टेबलावर टाय लावून बसला होता.

"हो गया, दीदी?" दुबेजींनी विचारलं.

"हो गया."

"तो अब हाँ कौन कहेगा? फेलिक्स की तरफ का कौन है?"

दुबेजी बदली होऊन जबलपूरला आले ते फेलिक्सनं खेळणं सोडल्यानंतर. ज्यांनी त्याला पाहिलं त्यातले बरेच त्या भिंतीवर आहेत. बाकीचे मुलांकडे पुण्याला, नागपूरला गेले. खोलीत सगळीकडे माना वळल्या आणि परत आल्या.

"मैं कहता हूँ हाँ," निखिल उभा राहून, मान हलवत म्हणाला. "बहुत अच्छा बोली आत्या. हो गया न? अब अपनी बोल दे."

"बेटा, तुम उस तरफ के हो क्या?"

"दुबेजी, फॉर्मेलिटी है ये. कोई भी बोल दे."

दुबेजींनी माझ्याकडे पाहिलं. "दीदी, इसकी हाँ आप मान लें, तो मैं भी मान लूँगा."

हे त्यांनी करायला नको होतं. सगळी खोली माझ्याकडे बघत होती. पेंटर शिडीवर एक पाय ठेवून उभा होता. मला फक्त मान हलवायची होती. मग मी तुझ्याबद्दल बोलले असते, आणि इतकं चांगलं बोलले असते दादा, की तो गोल मारलाच नव्हता हे सांगूनही सगळ्यांनी हात वर केले असते. इतक्या वर्षांचं भाषण माझ्याजवळ तयार होतं. तुझं नाव माझ्या डोळ्यांसमोर त्या जागेवर लिहिलं गेलं असतं, आणि ते तिथे असावं असं मला मनापासून वाटत होतं, आजही वाटतं. मला तुझ्या मुलाला नाही म्हणायचं नव्हतं. वहिनींसमोर तर नाहीच.

पण निखिलनं मान हलवली होती ती फेलिक्सचं पटलं म्हणून नाही, लवकर संपावं म्हणून. तशी मान तू एकदाही हलवली नाहीस. माझ्यासाठीसुद्धा नाही.

"निखिल त्या बाजूचा नाही," मी म्हणाले. "त्या बाजूचा एकच माणूस होता."

"आत्या!"

"तो आता हो म्हणू शकत नाही. म्हणून माझं म्हणणं ऐकता येणार नाही."

"तुम पापा के खिलाफ खड़ी हो? आज के दिन?"

"नाही रे. मी त्याच्याच बाजूची आहे. त्याला विचार..." असं म्हणून गेले.

दुबेजींनी चष्मा घातला. "तो जब तक कोई उस तरफ का नहीं आता, नाम जैसा है वैसा रहेगा," ते म्हणाले. कोणी हरकत घेतली नाही, आणि कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. खुर्च्या सरकवल्याचा आवाज झाला. पेंटरनं विचारलं, "भैया, डब्बा बंद कर दूँ?" मग स्वतःच बंद केला.

बाहेर निखिल गाडीपाशी उभा होता. "एक नाम, आत्या. भिंतीवर एक नाम. एवढं पण नाही झालं तुझ्याकडून?" त्याचा आवाज फुटला होता. तो रागावला की तुझ्यासारखाच दिसतो, हे मला त्या वेळी दिसायला नको होतं. वहिनी गाडीत बसता बसता माझ्याजवळ थांबल्या. "कुंदाताई, मला फुटबॉलातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "हे घरी आले असते तर आज खुशीत दोनदा जेवले असते, एवढं कळते." आणि बसल्या. मी ऑटोनं घरी आले.

तुला ठाऊक होतं का? दवाखान्यात तू हसलास ते काय म्हणून? माझ्या बोलण्यात किती दम आहे हे तू जाणून होतास. आधी फेलिक्सचं बोलावं लागेल, आणि ते पटलं असं म्हणणारा तूच नसशील, हे सगळं त्या हसण्यात होतं का? तसं असेल तर इतक्या वर्षांत तू मला एकदाच हरवलंस, तेही मैदान सोडून गेल्यावर. मला याचा राग येतो. बसल्या जागी येतो, भाजी निवडताना येतो. मग तो विंगर मैदान ओलांडताना दिसतो आणि वाटतं, हे ऐकून तू काय केलं असतंस? वहिनींना हाक मारली असतीस. मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं असतंस, त्यानं हात कोणता हलवला, डावा की उजवा. उजवा, दादा.

तुझ्याबद्दल जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते आहे. इथे मान हलवायला कोणी लागत नाही. चेंडू तुझ्याकडे येण्याआधी तू एकदा मान वर करून पाहायचास. ते पाहणं इतकं छोटं असायचं की लोकांना वाटे, तू न बघताच देतोस. तू माणसाला चेंडू देत नव्हतास, माणूस जिथे पोहोचणार तिथे देत होतास, आणि तो पोहोचला नाही तर हात वर करून चूक आपल्यावर घ्यायचास. हे मी फेलिक्समध्ये कधी पाहिलं नाही. मी दोघांनाही पाहिलं आहे. आता दोघांनाही पाहिलेलं दुसरं कोणी इथे नाही.

भिंतीवर लेफ्ट हाफच्या जागी फेलिक्सचं नाव आहे. निखिल माझा फोन घेत नाही. वहिनी घेतात. तू त्याच्यापेक्षा मोठा होतास, हे माझं मत मी बदललेलं नाही.